चिकटशास्त्री

धुळीशी भाऊंचं काही देणंघेणं नाही. टीव्हीवर धूळ साचली तर ते तिच्यावर बोटाने गॅसवाल्याचा फोन नंबर लिहून ठेवतील, पण फडकं हातात घेणार नाहीत. जळमटं, फरशीवरचे डाग, खिडकीच्या गजांवर कबुतरांनी मांडलेला संसार हे सगळं त्यांच्या लेखी किरकोळ. "धूळ नुसती बसते हो," ते म्हणतात, "चिकटत नाही. जी चिकटत नाही तिच्याशी काय भांडायचं?"

भाऊंचा विषय एकच. स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटांवर चढलेला तो मेणचट, पिवळट, बोट लावलं की बोट धरून ठेवणारा थर. जग त्याला तेलकटपणा म्हणतं. भाऊंना हे मान्य नाही. "तेलकट होतं तेव्हा ते तेल होतं. आता तो रंग आहे. फक्त त्याची ऑर्डर कुणी दिली नव्हती."

असं बोलायचा त्यांना अधिकार आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. कुठलं तेल लावल्यावर किती तासांनी बोटाला लागेनासं होतं, हे पाहण्याचा पगार त्यांना मिळत असे. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, पाहणं थांबलं नाही.

निवृत्त माणसांची ही एक जातच आहे. नोकरी सुटते, नोकरीतलं ज्ञान सुटत नाही, आणि ते खर्च करायला घराबाहेर कुणी उभं करत नाही. बँकेतले असले तर दूधवाल्याच्या हिशेबाचं ऑडिट सुरू होतं. रेल्वेतले असले तर न्हाणीघराला वेळापत्रक लागतं आणि सुनेची आंघोळ चार मिनिटं उशिरा धावू लागते. त्यांच्या मानाने भाऊ नशीबवान. त्यांचा विषय त्यांच्या आधीच घरी येऊन, गॅसच्या शेजारच्या कपाटावर बसून त्यांची वाट पाहत होता.

भाऊ शेजाऱ्यांना ओळखतात ते तेलावरून. प्रत्येक तेलाला एक आयोडिन मूल्य असतं. ते जितकं जास्त, तितकं तेल हवेतला प्राणवायू धरून घट्ट व्हायला उतावीळ, एवढं आपल्याला कळलं तरी पुरे. खोबरेलाचं दहाच्या आसपास, शेंगदाण्याचं नव्वदच्या, सूर्यफुलाचं सव्वाशेच्या, करडईचं १४०च्या पुढे आणि जवसाचं तर १७०च्याही पुढे. जवसाचं तेल रंगात घालतात ते याचसाठी. भाऊंना हा तक्ता रामरक्षेसारखा पाठ आहे आणि सोसायटीची वर्गवारी त्यांनी त्यावरूनच केली आहे. दुसऱ्या मजल्यावर मंगळुरूकडचं कुटुंब राहतं, स्वयंपाक खोबरेलात. "दहा! सभ्य घर." तिसऱ्या मजल्यावरच्यांनी हृदयाची काळजी म्हणून शेंगदाणा सोडून करडई धरली, तेव्हा भाऊंनी जिन्यातच त्यांचा हात हातात घेतला. "हृदय वाचेल हो. कपाटांचं काही सांगता येत नाही."

एकदा मी सहज विचारलं, "भाऊ, पण तेल उडतं कसं? कढई तर खाली असते."

हा प्रश्न विचारू नये. भाऊंनी मला ओट्याशी नेलं, कढीपत्त्याचं एक पान समोर धरलं आणि फोडणीचं शास्त्र सुरू केलं. तेल तापलेलं असतं १७०-१८० अंशांना. पाणी शंभरालाच उकळतं. पान त्या तेलात पडलं की पानातल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि ती बाहेर पडताना तेलाचे बारीक कण सोबत घेऊन जाते. मोठे थेंब ओट्यावर पडतात, ते दिसतात, ते कुणीही पुसतं. बारीक कण गरम हवेबरोबर वर जातात, गार लाकूड दिसलं की तिथे मुक्काम करतात आणि मग प्राणवायू खात खात महिनोन्‌महिने एकमेकांचे हात धरत जातात. "साखळी बनते," भाऊ हळूच म्हणाले. "आणि एकदा साखळी बनली की..." ते पुढे बोलले नाहीत. कढीपत्त्याचं पान त्यांनी कढईत टाकलं नाही, खिशात ठेवलं.

फ्रेडरिक वॉल्टन हा भाऊंचा आदर्श पुरुष. या इंग्रज गृहस्थाचं लक्ष रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर धरलेल्या सायीकडे गेलं, आणि त्यातून त्याने लिनोलियम काढलं. १८६३ सालचं पेटंट. भाऊंच्या घरी पहिल्यांदा चहाला येणाऱ्या माणसाला हे साल ऐकावंच लागतं. "त्याने जे पैसे घेऊन जमिनीवर पसरलं, ते आपण फुकट कपाटावर चढवतो!" मग कच्छमधलं निरोणा गाव येतं. तिथे एरंडेल तापवून तापवून त्याचा चिकट रोगण करतात, त्यात रंग कालवतात आणि कापडावर अप्रतिम वेलबुट्टी काढतात. हे सांगताना भाऊंचा आवाज भरून येतो. असा तो एकदा भरून आला असताना वहिनी आतून म्हणाल्या, "मग काढा की आपल्याही कपाटावर वेलबुट्टी. दरवर्षी पुसण्यापेक्षा बरं."

कपाटं सागवानी आहेत. वलसाडी साग. घर घेतलं तेव्हा सुतार कित्येक आठवडे हॉलमध्येच रंधा मारत बसला होता आणि पोह्यांतसुद्धा भुसा लागायचा, असं वहिनी सांगतात. वर चपड्याचं स्पिरिट पॉलिश. या कपाटांचा भाऊंनी नकाशा केला आहे. गॅसच्या दोन्ही बाजूंची दारं हा फोडणी विभाग. कुकरच्या शिट्टीखाली, म्हणजे खरं तर शिट्टीच्या वर येतो तो वाफ विभाग, इथे तेल कमी पण डाळीचा अंश. मुठींच्या भोवतीचा काळसर गोल हा हस्त विभाग. यात तेलापेक्षा पीठ, हळद आणि माणूस जास्त. कपाटांचं डोकं, जिथे छत आणि लाकूड यांच्यात वीतभर अंधार असतो, तो भाग नकाशात नुसता काळा रंगवलेला आहे. पूर्वीच्या नकाशांत अज्ञात प्रदेश कोरा सोडत, भाऊंनी तो काळा केला.

रोजची व्यवस्था वहिनींकडे. रात्री जेवणं झाली, ओटा आवरला की त्या भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकलेलं फडकं घट्ट पिळतात, गॅसच्या आजूबाजूच्या दारांवरून फिरवतात, मागोमाग कोरडं फडकं. हे करताना त्या टीव्हीवरच्या मालिकेला उत्तरंही देत असतात. त्या दिवशीचं तेल त्या दिवशी तेलच असतं, त्याची साखळी बनलेली नसते, म्हणून ते मुकाट्याने निघून येतं. शास्त्र शंभर टक्के वहिनींच्या बाजूला आहे आणि हे भाऊंना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच ते या विषयावर बोलत नाहीत. फार खोदून विचारलं तर म्हणतात, "तो प्रतिबंधक उपाय झाला. त्यात बघण्यासारखं काही नाही."

पण वहिनींची उंची पाच फुटांच्या आतली. त्यांचा हात पोचतो तिथे त्यांचं राज्य संपतं आणि भाऊंचं सुरू होतं. रोज स्टूल घेऊन तुम्हीच का नाही पुसत, असं मी एकदा म्हणालो. भाऊंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांना रोज थोडं थोडं एव्हरेस्ट चढायला सांगितलं होतं.

मोहीम नवरात्रात सुरू होते. दसऱ्याला लोक गाड्या पुसतात, पुस्तकं मांडतात, हत्यारांना हळदकुंकू वाहतात. भाऊंच्या पाटावर एक रंगाऱ्याचा पत्रा, जुन्या सुती बनियनचे चौकोन, नारळाच्या काथ्याचा बोळा, रेशनच्या जमान्यातून राखून ठेवलेली रॉकेलची बाटली (फक्त बिजागऱ्यांसाठी) आणि सेवानिवृत्त टूथब्रशांची रांग असते. कोपऱ्यांत टूथब्रशासारखं दुसरं काही चालत नाही. अडचण अशी की भाऊंना ब्रश कमी पडतात. मग सप्टेंबरपासून घरातल्या ब्रशांवर त्यांची नजर फिरू लागते. मुलगा एकदा सकाळी दात घासायला गेला तर त्याच्या महिनाभर जुन्या ब्रशावर "कपाट क्र. ३" अशी चिठ्ठी डकवलेली होती.

दरवर्षी एक तात्त्विक वाद होतो. सगळा महाराष्ट्र दिवाळीच्या आधी स्वयंपाकघर घासतो आणि मग चकल्या, शंकरपाळे, शेव, अनारसे अशी चार-पाच दिवस कढई पेटती ठेवतो. भाऊंच्या मते यासारखं अशास्त्रीय काही नाही. "आधी धुवायचं आणि मग तेल उडवायचं! फराळानंतर साफ करायला हवं, तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला." यावर वहिनींचं उत्तर ठरलेलं. "लक्ष्मी दिवाळीत येते. तुळशीच्या लग्नापर्यंत तिला जिन्यात बसवू का?" तडजोड म्हणून मोहीम दोनदा होते. यात तडजोड कुणी केली हे मला कळलेलं नाही, कारण दुसऱ्या मोहिमेला भाऊ जास्त खूश असतात.

मुख्य दिवशी मला बोलावणं येतं. माझं पद स्टूल धरण्याचं. भाऊंच्या अंगात बनियन, डोक्याला टॉवेल आणि डोळ्यांवर प्रयोगशाळेतला जुना चष्मा. समोर बाटल्या, त्यांवर क्रमांक. मला वाटलं होतं आता धुमश्चक्री होईल. प्रत्यक्षात जे झालं त्याला मराठीत थांबणं म्हणतात. भाऊंनी कोमट पाण्यात साबणाचे चार थेंब टाकले, फडकं बुडवलं, ते हाताला ओल लागेल न लागेल इतकं पिळलं, दारावर तळव्याने दाबून बसवलं आणि खाली उतरून खुर्चीत बसले.

"आता?"

"आता चहा."

घाईने घासतो तो चिकट्याला पसरवतो, हा त्यांचा पहिला सिद्धांत. फडक्याने त्याला मऊ होऊ द्यायचं. मग लाकडाच्या रेषा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने पुसायचं, आडवं कधीच नाही. लगेच कोरडं फडकं मारायचं, कारण लाकडाचा खरा शत्रू पाणीच. तरीही हटला नाही तर त्यावर खोबरेल चोळायचं. "तेलाला तेल काढतं," भाऊ म्हणाले, "माणसाला जसं... जाऊ दे." ही उपमा त्यांनी पुरी केली नाही, कारण वहिनी चहा घेऊन आल्या होत्या.

फोडणी विभागातल्या एका दारावर मात्र पांढुरका, ओबडधोबड चट्टा आहे. साधारण गोव्याच्या आकाराचा. पहिल्या वर्षीच्या मोहिमेत भाऊंनी तिथे धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी लावलं होतं. खायचा सोडा बिचारा सौम्य, धुण्याचा त्याच्या कितीतरी पटींनी जहाल. तो जुन्या तेलाचा साबण करून टाकतो हे खरंच आहे. पण चपडा म्हणजे लाख, आणि लाखही अशा जहाल सोड्यात विरघळते. चिकटा गेला, त्याच्यासोबत पॉलिश गेलं आणि सागाची उघडी पडलेली कातडी उरली. रंगाच्या प्रयोगशाळेत जन्म घालवलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल? ठाऊक होतं. ज्ञान आणि गरम पाणी एकाच वेळी हाताशी असलं की माणूस आधी पाणी वापरतो. त्या चट्ट्याबद्दल आता विचारलं तर भाऊ चष्मा वर करतात. "तो मुद्दाम ठेवलाय. तुलनेसाठी नमुना लागतो."

पुतण्याने एकदा मोबाइलवर चित्रफीत दाखवली. एक बाई खायच्या सोड्यावर व्हिनेगर ओततात, भसाभस फेस येतो, पुढच्या क्षणी कपाट चकाकतं. भाऊंनी ती दोनदा पाहिली आणि त्यांच्या कानशिलाची शीर उडू लागली. "आम्ल आणि अल्क! दोघांनी एकमेकांना गिळलं! वायू उडून गेला, खाली राहिलं जवळजवळ मिठाचं पाणी! हा फेस म्हणजे काम आहे का?" पुतण्या म्हणाला, काका, पण चाळीस लाख लोकांनी बघितलंय. भाऊ त्या रात्री जेवले नाहीत. नंतर कळलं की त्यांनी एकट्याने बशीत तो प्रयोग करून पाहिला, फेस बराच वेळ निरखला, आणि वहिनींना म्हणाले, "दिसतं मात्र छान."

कपाटांच्या डोक्यावर वहिनी दरवर्षी वर्तमानपत्रं पसरतात. सगळा चिकटा कागदावर बसतो, कागद गुंडाळला की काम संपलं. ही युक्ती कुणा बाईने पहिल्यांदा काढली असेल तिला वॉल्टनइतकं महत्त्व द्यायला हवं, असं माझं मत आहे. भाऊंना ती मान्य नाही, पण त्या कागदांचा मोहिमेला दुसराच धोका असतो. स्टुलावर चढून त्यांनी अज्ञात प्रदेशातला पहिला पिवळा, कडक कागद ओढला आणि तो वाचायला लागले. शब्दकोडं अर्धवट सोडवलेलं होतं, अक्षर त्यांचंच. "सात उभं. तीन अक्षरी. 'उतरत नाही असा'. काय येईल हो?" मी खाली स्टूल धरून. चहा निवला, फडकं वाळलं, दाराला चिकटून बसलं. शब्द काही मिळाला नाही.

या सगळ्यात भाऊंच्या हातून एकच खरा गुन्हा घडला, तो तव्याचा. वहिनी मालवणकडच्या. सासूबाईंनी दिलेला बिडाचा तवा त्यांनी काळाकुळकुळीत, तुकतुकीत राखला होता. घावणं नुसतं उलथनं दाखवलं की उठायचं. एका दिवाळीत कपाटं संपली, ब्रश उरले, द्रावण उरलं, आणि भाऊंच्या नजरेला तो तवा पडला. जाड काळा थर! तेलाचा! वर्षानुवर्षांचा! त्यांनी दुपारभर खपून तवा राखाडी केला आणि चमकवून ओट्यावर ठेवला. गंमत अशी की तव्यावरचा तो थर आणि कपाटावरचा थर यांचं कूळ एकच. तापलेल्या तेलाचीच साखळी. एक माणसाने आगीवर, मुद्दाम, पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली, दुसरी आपोआप आलेली. हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. संध्याकाळी त्यांना ते आठवलंही, पण तोवर वहिनी स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

रागावल्या की वहिनी मालवणीत जातात. "आता ह्या तव्यार तुमचा शास्तर भाजा नि खावा," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर कित्येक दिवस पहाटे भाऊ गॅसशी उभे दिसत. अर्धा चिरलेला कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायचा, तापवायचा, निववायचा, पुन्हा फिरवायचा. पहिली घावणी चिकटली. ती त्यांनी खरवडून स्वतः खाल्ली. भाऊ चिकट्याच्या नोंदी ज्या वहीत ठेवतात, तिच्यात त्या महिन्याच्या पानांवर एकही शेरा नाही, फक्त तारखा आहेत.

यंदा मुलाने नवं स्वयंपाकघर करायचं काढलं. ट्रॉल्या, लॅमिनेट, मोठी चिमणी. दुकानाचा माणूस नमुन्यांची पेटी घेऊन आला आणि म्हणाला, "काका, हे एकदम सोपं. एक कपडा मारला की साफ." भाऊंनी नमुना हातात घेतला, नखाने टकटक केली, उजेडात तिरपा धरला. "करडईचं तेल लावून चार महिने ठेवून पाहिलंय का यावर?" तो माणूस मुलाकडे बघू लागला. "आणि या कडा? पाणी कडेतून आत जातं, पृष्ठभागातून नाही. कडेला काय लावता?" माणसाने चट्‌कन सांगितलं ते भाऊंना पटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि त्यानेच ते जास्त खचले. चुका असत्या तर बरं झालं असतं.

सागवानी कपाटं उतरवायला सुतार आला त्या दिवशी भाऊ आमच्याकडे येऊन बसले होते. आमच्या स्वयंपाकघराकडे दोनदा जाऊन आले. वरच्या फळीवरून बोट फिरवून त्यांनी ते नाकाशी नेलं आणि "सूर्यफूल?" असं विचारलं. आमच्या घरातल्यांनी चहा जरा लवकरच आटोपला.

त्यांना सोडायला मी गेलो तर वहिनी सुताराला काही समजावत होत्या. सगळी कपाटं जिन्यात निघाली होती, एक मात्र भिंतीला टेकवून ठेवलेलं. तेच, गोव्याच्या चट्ट्याचं.

"हे तेवढं राहू दे," वहिनी म्हणत होत्या, "आणि गॅसच्या अगदी शेजारी लाव. जरा उंचावर."

सुतार म्हणाला, "काकू, तिथे लावलं तर सहा महिन्यांत चिकट होईल."

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या.